स्कॉटलंडच्या लहान बंदरांत यॉटने मुक्काम: जागा हेरण्यापासून दोर बांधेपर्यंत

स्कॉटलंडमध्ये यॉटने फिरायचं तर दिवसाची आखणी रात्रीच्या मुक्कामापासून उलटी करत आणावी लागते. बंदरात पोचू त्या वेळी आत पाणी असेल का, तोंडावर लाटा फुटत असतील का, धक्क्याला दहा मीटरची जागा मिळेल का, हे सकाळी दोर सोडण्याआधी माहीत हवं. ग्लासगो-एडिंबराकडे राहणारी, आरवायए या ब्रिटिश नौकाविहार संस्थेचा डे स्किपर अभ्यासक्रम केलेली आणि आता ओबान किंवा लार्ग्सहून आठवडाभर बोट भाड्याने घेऊ पाहणारी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. बोट साधारण दहा मीटरची, एका कीलची (तळाखाली एकच खोल पातं असलेली), पाण्यात १.८ मीटर खोल बसणारी, असं धरलं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. रोज दोन बंदरं ठरवायची: एक मुक्कामाचं, दुसरं पळवाटेचं. आणि पळवाटेचं आधी. ते कोणत्याही भरती-ओहोटीला, त्या दिवशीच्या वाऱ्यात आणि गरज पडली तर अंधारातही गाठता येईल असंच हवं. ते सापडत नसेल, तर मुक्कामाचं बंदर कितीही देखणं असो, त्या दिवशी तिकडे जाऊ नये.

दोन किनारे, दोन तऱ्हा

पश्चिम किनारा म्हणजे बेटं, लांबलचक खाड्या आणि जमिनीलगतही खोल पाणी. वारा कुठूनही येवो, कुठल्यातरी बेटाचा आडोसा मिळतोच. इथे रात्र बहुधा बोयाला (तळाशी साखळीने जखडलेल्या तरंगत्या गोळ्याला), पाँटूनला (तरंगत्या धक्क्याला) किंवा नांगरावर जाते. ओबानला उधाणात (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीत) पाणी सव्वातीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. आयला बेटावरच्या पोर्ट एलनला मात्र हा फरक मीटरभरही नसतो. पण पाणी फारसं चढत नाही म्हणजे प्रवाहही नाही, असं समजू नका. तिथून थोडं उत्तरेला जुरा आणि स्कार्बा या बेटांमध्ये कॉरीव्रेकनचा प्रसिद्ध भोवरा आहे. क्रिननच्या तोंडाशी असलेल्या डोरस मोरमध्ये उधाणात पाणी आठ नॉटपर्यंत (ताशी आठ सागरी मैल) धावतं आणि स्कायजवळच्या काइल रीमध्येही तेवढंच. आपली बोट इंजिनावर सहा नॉट जाते. म्हणजे या सामुद्रधुन्यांतून प्रवाह म्हणेल तेव्हाच जायचं, आणि मुक्कामाला किती वाजता पोचणार हेही त्यावरच ठरतं.

पूर्व किनाऱ्याचं तसं नाही. तिथे नैसर्गिक आडोसा फार कमी. बहुतेक बंदरं दगडी भिंती बांधून केलेली, हेरिंगच्या मासेमारीच्या भरभराटीत वाढलेली. अँस्ट्रदर, सेंट मोनन्स, क्रेल, जॉन्सहेवन यांसारखी कित्येक बंदरं ओहोटीला कोरडी पडतात. वारा पश्चिमेचा असला की हा किनारा फार सुखाचा, कारण तो वारा जमिनीवरून येतो आणि समुद्र सपाट राहतो. वारा ईशान्य-पूर्वेचा झाला की यातल्या अनेक बंदरांची तोंडं बंद झाली असंच धरावं.

याची सगळ्यात मोठी किंमत आयमाउथने मोजली आहे. १४ ऑक्टोबर १८८१ रोजी अचानक उठलेल्या वादळात या किनाऱ्यावरचे १८९ मच्छीमार बुडाले. त्यांतले १२९ एकट्या आयमाउथचे होते. कित्येक नावा बंदराच्या तोंडाशी, घरच्यांच्या डोळ्यांदेखत खडकांवर फुटल्या. आत शिरायचा नाद सोडून खोल समुद्रात टिकून राहिलेल्या काही नावा नंतर सुखरूप परतल्या. आजही आयमाउथचं तोंड अरुंद आहे, उत्तरेकडे उघडं आहे आणि बाहेर हर्कर खडक आहेत. हवा चांगली असेल तेव्हा आतल्या पाँटूनवर उत्तम जागा मिळते. उत्तरेच्या जोराच्या वाऱ्यात तिकडे वळूही नये.

पाण्याचं गणित

भरतीच्या छापील कोष्टकांत वेळा बहुधा ग्रीनिचच्या असतात. उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवायचा. ही बेरीज वहीत तारखेसमोर आदल्या रात्रीच लिहून ठेवा, सुकाणूवर उभं राहून तोंडी करू नका.

कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात: आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीला सहाची भरती. एडिंबराच्या लीथ बंदराला हाच हिशेब लावायचा तर उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे त्यात सुमारे साडेतीन तास मिळवावे लागतात. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला लीथची भरती दुपारी साडेतीनच्या आसपास आणि अष्टमीला सकाळ-रात्री साडेनऊच्या आसपास. हा अंदाज सुट्टीची तारीख निवडायला पुरतो. उधाणाच्या दिवसांत दुपारी तीन-चारला बंदरात पाणी भरपूर, आणि दिवसभराची सफर करून पोचणाऱ्याला हीच वेळ सोयीची. बंदरात शिरण्याच्या दिवशी मात्र कोष्टकच पाहायचं.

आता प्रत्यक्ष हिशेब. चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) एखाद्या बंदराच्या आतल्या आकड्याखाली रेघ असेल, तर तिथला तळ ओहोटीला तेवढे मीटर पाण्याबाहेर उघडा पडतो. समजा तोंडाशी तो आकडा ०.९ आहे. बोट बसते १.८ मीटर. लाट आणि चुकभूल यांसाठी वर ०.५ धरा. एकूण ३.२ मीटर भरती हवी.

लीथला सरासरी उधाणात ओहोटीचं पाणी ०.८ आणि भरतीचं ५.६ मीटर. फरक ४.८, त्याचा बारावा हिस्सा ०.४. पहिल्या तासाला पाणी एक हिस्सा चढतं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. म्हणजे ओहोटीनंतर एका तासाने १.२, दोन तासांनी २.०, तीन तासांनी ३.२. आपल्याला हवं होतं तेवढं पाणी ओहोटीनंतर तिसऱ्या तासाला मिळालं. तिथून भरतीपर्यंत तीन तास आणि भरतीनंतर तीन तास, एवढीच आत-बाहेर करायची खिडकी. यात चढत्या पाण्यावर शिरणंच शहाणपणाचं, कारण तळ लागला तरी थोड्या वेळात बोट आपोआप सुटते. उतरत्या पाण्यावर रुतली तर पुढचे कित्येक तास ती कलंडून पडणार.

खरा घोटाळा भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, होतो. तेव्हा लीथची भरती सरासरी ४.४ मीटरपर्यंतच येते. आतल्या जागेचा तळ २.४ मीटर उघडा पडणारा असेल, तर तुम्हाला ४.७ मीटर पाणी हवं. उधाणात ते सहज मिळतं, भांगात येतच नाही. पौर्णिमेनंतर उधाण ओसरताना अशा जागी शिरून दोन-तीन दिवस निवांत राहिलात, तर पुढचं उधाण येईपर्यंत अडकून पडाल आणि बोट ठरल्या दिवशी परत करता येणार नाही. म्हणून आत जाण्याच्या भरतीचा हिशेब करतानाच बाहेर पडण्याच्या भरतीचाही करायचा. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे.

आर्ब्रोथसारख्या काही ठिकाणी आतल्या बंदराला दरवाजे आहेत. ते भरतीच्या आधी-नंतर साधारण तीन तास उघडतात आणि बंद झाल्यावर आत पाणी धरून ठेवतात. एका कीलच्या बोटीला हे फार सोयीचं, कारण रात्रभर बोट तरंगती राहते. त्या दिवशीच्या वेळा बंदराच्या कार्यालयाकडून घ्याव्यात.

आदल्या दिवशीचा फोन

लहान बंदरांत आरक्षण नावाचा प्रकार क्वचितच असतो. हार्बरमास्तर अनेक ठिकाणी अर्धवेळ असतो आणि संध्याकाळी पाचनंतर फोन उचलेलच असं नाही. म्हणून आदल्या दिवशी दुपारी फोन करावा. बोटीची लांबी, रुंदी, पाण्यात किती खोल बसते, एक कील आहे की दोन, किती वाजता पोचणार आणि किती रात्री राहणार, हे एका दमात सांगावं. मग दोन प्रश्न विचारावेत: "आमच्या खोलीची बोट ओहोटीला तरंगती राहील का?" आणि "या वाऱ्यात तोंडातून येणं ठीक आहे का?" दुसरा प्रश्न कधीही सोडू नका. स्थानिक माणूस "आज जरा लाट आहे हो" एवढंच म्हणाला, तरी ते नाही समजायचं. ही माणसं समुद्राबद्दल फार मोजकं बोलतात.

जवळ आल्यावर रेडिओवर हाक मारायची. बऱ्याच बंदरांचा चॅनेल १२ किंवा १४ असतो, मरीनांचा (यॉटसाठीच्या खास बंदरांचा) ८०, कालव्यांचा ७४. नेमका चॅनेल पायलट पुस्तकातून, म्हणजे बंदरांची आणि वाटांची माहिती देणाऱ्या पुस्तकातून, आधीच लिहून घ्या. पश्चिम किनाऱ्यासाठी क्लाइड क्रूझिंग क्लबची पुस्तकं इथले खलाशी वर्षानुवर्षं वापरतात. बोटीवरच्या एकाकडे तरी व्हीएचएफचा (बोटीवरच्या रेडिओचा) परवाना हवाच. तटरक्षक दल ठरावीक वेळांना किनाऱ्यालगतच्या हवेचा अंदाज देतं. आधी चॅनेल १६ वर घोषणा होते, मग दुसऱ्या चॅनेलवर अंदाज वाचतात. त्यात वाऱ्याच्या जोराइतकंच वाऱ्याच्या बदलत्या दिशेकडे कान द्या, कारण रात्री दोनला वारा फिरला की संध्याकाळचा आडोसा उघडा पडतो.

बोया, पाँटून की नांगर

पश्चिमेकडच्या गावांनी आणि बेटांवरच्या लोकांनी पाहुण्या बोटींसाठी बोये टाकले आहेत. बोयावर किंवा माहितीफलकावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती वाचूनच दोर अडकवा. बोयाच्या कडीतून दोर ओवून दोन्ही टोकं बोटीवर घेणं तात्पुरतं ठीक आहे, पण रात्रभर तो घासून तुटू शकतो. झोपण्याआधी दुसरा स्वतंत्र दोर कडीला गाठ मारून बांधावा. स्थानिक मच्छीमाराचा रिकामा बोया दिसला म्हणून घेऊ नये. तो रात्री अकराला परत येतो आणि तेव्हा तुम्हाला अंधारात उठून निघावं लागतं. पैसे बहुधा किनाऱ्यावरच्या पेटीत टाकायचे असतात. तिथे कोणी पाहत नसतं, तरी टाकायचेच, कारण त्याच पैशांतून साखळ्या बदलल्या जातात.

टोबरमोरी, उलापूल, लॉकमॅडी, स्टॉर्नोवे इथे पाँटून आहेत. पाणी चढलं-उतरलं तरी पाँटून बोटीबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे दोर एकदा बांधले की झालं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तीनच्या आत पोचलात तर जागा मिळण्याची आशा जास्त. वेस्ट हायलंड यॉटिंग वीक जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला असतो. त्या आठवड्यात ओबान आणि टोबरमोरी स्पर्धेच्या बोटींनी गच्च भरतात, म्हणून तारखा आधी तपासा.

नांगर टाकताना साखळीचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करायचा. आत्ता ओहोटी आहे आणि खाली चार मीटर पाणी आहे. पुढे साडेतीन मीटर चढणार, वर बोटीच्या नाकाची उंची मीटरभर, एकूण साडेआठ. त्याच्या चौपट म्हणजे ३४ मीटर साखळी. तळाशी केल्पचं (लांब समुद्री शेवाळाचं) दाट रान असेल तर नांगर जमिनीपर्यंत पोचतच नाही, झुडपांतच अडकतो आणि पहिल्या झोतात सुटतो. नांगर टाकल्यावर इंजिन उलटं चालवून ओढ देऊन पाहा, आणि किनाऱ्यावरची दोन ठिकाणं एका रेषेत धरून पाच मिनिटं नजर ठेवा. डोंगराच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या आडोशाला म्हणून नांगरलात, तर वरून कोसळणारे झोत उघड्या समुद्रापेक्षाही जोराचे असू शकतात. संध्याकाळी वारा पडला की मिजेस म्हणजे चिलटांचे थवे येतात. जमिनीपासून जरा लांब नांगरणं हाच त्यावरचा खरा इलाज.

दगडी धक्क्याला बांधताना

पूर्वेकडच्या बंदरांत हे अंगवळणी पडायलाच हवं. उधाणात रात्रीतून बोट धक्क्याच्या कडेपासून पावणेपाच मीटर खाली जाते. दोर आखूड आणि घट्ट बांधले, तर ओहोटीला बोट दोरांवर लटकते, क्लीट (दोर बांधायची खुंटी) उपटते किंवा दोर तुटतो. म्हणून पुढचा आणि मागचा दोर पाण्याच्या चढ-उतारीच्या किमान तिप्पट लांब हवा आणि तो लांब, तिरका नेऊन बांधायचा. जितका तिरका, तितका पाण्याबरोबर आपोआप जमवून घेतो. बोट पुढे-मागे सरकू नये म्हणून मधून दोन दोर उलटसुलट द्यायचे, तेही लांबच.

फेंडरचं, म्हणजे बोटीला मार लागू नये म्हणून टांगायच्या उशांचं, गणित इथे वेगळं असतं. जुन्या धक्क्याच्या भिंतीवर लाकडी खांब उभे असतात. साधा गोल फेंडर खांबाला टेकतो, बोट हातभर पुढे सरकते आणि फेंडर दोन खांबांमधल्या पोकळीत शिरतो. मग बोटीची कड थेट लाकडावर घासत राहते. म्हणून दोन फेंडर बोटीला लागून, एकमेकांपासून थोड्या अंतरावर टांगायचे आणि त्यांच्या बाहेर एक मजबूत फळी आडवी लावायची. फळी खांबांवर वर-खाली घसरते, फेंडर जागचे हलत नाहीत. बोटीवर अशी फळी आहे का, हे ताब्यात घेतानाच विचारा. शक्य तिथे लोखंडी शिडीजवळच बांधा, नाहीतर ओहोटीला वर चढायचा रस्ता राहत नाही. शिडीच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा हात दोन्ही मोकळे हवेत आणि पिशव्या नंतर दोराने ओढून घ्यायच्या. बांधून झाल्यावर पाणी अर्धं उतरेल तेव्हा, म्हणजे तीनेक तासांनी, पुन्हा येऊन दोर पाहायचे. रात्री गजर लावावा लागला तरी लावायचा.

बोट तळावर टेकवून मुक्काम करायचा असेल तर आधी भाड्याच्या करारात परवानगी आहे का ते पाहा. एका कीलच्या बोटीसाठी माझं मत स्पष्ट आहे: भाड्याच्या बोटीने ते करूच नये. दोन कील असतील तर अँस्ट्रदरसारख्या कोरड्या पडणाऱ्या बंदरांची दारं तुम्हाला खुली. तिथे बंदराच्या डोक्याशीच स्कॉटिश फिशरीज म्युझियम आहे आणि या किनाऱ्याचा इतिहास समजून घ्यायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

दुसऱ्या बोटीला बोट बांधणे

जागा नसेल तर आधीच्या बोटीच्या बाहेरच्या अंगाला आपली बांधतात. आधी विचारायचं. माणसं आत असतील तर हळू जवळ जाऊन हाक मारायची. आपले फेंडर आपण लावायचे, दोन्ही बाजूंना. दोन्ही डोलकाठ्या शेजारी-शेजारी येणार नाहीत अशी बोट थोडी पुढे किंवा मागे घ्यायची, नाहीतर लाटेत वरच्या आडकाठ्या एकमेकींवर आपटतात. आपला भार शेजाऱ्यावर टाकायचा नाही, स्वतःचे पुढचे-मागचे दोर थेट धक्क्यापर्यंत न्यायचे. किनाऱ्यावर जाताना त्यांच्या बोटीच्या पुढच्या भागावरून जायचं, मागे बसायच्या जागेतून नाही, आणि बूट चिखलाचे नकोत. सकाळी किती वाजता निघणार हे रात्रीच एकमेकांना सांगायचं. मासेमारी बोटीला मात्र त्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय बांधू नका. त्या पहाटे तीनलाही निघतात. पिटनवीमसारख्या बंदरात धक्का हे त्यांचं कामाचं ठिकाण आहे. तिथे आपण पाहुणे, जागा त्यांची. फेरीबोटीच्या धक्क्यालाही हाच नियम.

दोन आखण्या

पश्चिमेला पहिल्या आठवड्यासाठी ओबान ते टोबरमोरी हा सर्वांत चांगला टप्पा आहे. पंचवीसेक सागरी मैल, बहुतेक वाट मलच्या सामुद्रधुनीतून, आणि वाटेत लॉक अलाइनची पळवाट. तिथे आत शिरलं की चारही बाजूंनी आडोसा. टोबरमोरी हे ब्रिटिश फिशरीज सोसायटीने १७८८ मध्ये वसवलेलं गाव. बंदरासमोरची रंगीत घरं दुरूनच दिसतात. पुढे आर्डनामर्कनचं टोक वळून कॅना बेट तिसेक मैल. ते हवा नीट असेल तरच. कॅनाचं बंदर पूर्वेकडे उघडं आहे आणि तळाला केल्प आहे, म्हणून नांगरापेक्षा बोया बरा. पूर्वेचा वारा येणार असेल तर पळवाट म्हणून मॅलेग. कॅनाच्या ईशान्य टोकाला कंपास हिल नावाची टेकडी आहे. तिच्या खडकातल्या लोहामुळे जवळून जाताना होकायंत्र भरकटतं, तेव्हा त्या पट्ट्यात जीपीएस आणि नजर यांवर विसंबावं.

पूर्वेला आयमाउथ, आर्ब्रोथ (दोन कील असतील तर अँस्ट्रदरही), मग स्टोनहेवन, असं उत्तरेकडे जाता येतं. स्टोनहेवनचा आतला भाग कोरडा पडतो, बाहेरच्या भिंतीला तरंगती जागा मिळते, पण पूर्वेची लाट असेल तर ती रात्र बेचैन जाते. त्याच्याही पुढे पीटरहेड. या सगळ्या किनाऱ्यावर पळवाटेचं बंदर म्हणून माझा भरवसा त्याच्यावर. बाहेरची भिंत १८८६ पासून कैद्यांच्या श्रमांतून उभी राहत गेली आणि १९५६ मध्ये पुरी झाली. आत मरीना आहे. तेलक्षेत्राची आणि मासेमारीची मोठी जहाजं सतत ये-जा करतात, म्हणून आत शिरण्याआधी चॅनेल १४ वर परवानगी घ्यावीच लागते. पीटरहेडच्या पुढे किनारा पश्चिमेला वळतो. तिथलं व्हाइटहिल्स मला फार आवडतं: छोटं, गावकऱ्यांच्या मंडळाने चालवलेलं आणि पाहुण्यांची मनापासून सोय करणारं. आत शिरताच अरुंद जागेत झटकन वळावं लागतं, म्हणून वेग आधीच कमी करा आणि फेंडर बाहेरच लावून या. उत्तरेची लाट असेल तर येऊ नका.

पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात हार नावाचं धुकं येतं. ऊबदार हवा थंड उत्तर समुद्रावर सरकली की ते तयार होतं आणि पूर्वेच्या मंद वाऱ्याबरोबर किनाऱ्याला चिकटून राहतं. रडार नसेल तर धुक्यात अनोळखी, अरुंद तोंडाचं बंदर शोधू नये. शिवाय किनाऱ्यालगत खेकडे-शेवंडांच्या सापळ्यांचे दोर जागोजागी असतात. ते पंख्यात गुंडाळले की इंजिन गेलंच, म्हणून बंदराच्या तोंडाजवळ एक माणूस पुढे उभा ठेवा.

निघताना

डिझेल अनेक लहान बंदरांत टँकरवाल्याला आधी सांगूनच मिळतं, म्हणून टाकी निम्मी झाली की पुढच्या मोठ्या ठिकाणी भरून घ्या. गॅस आणि किराण्याचंही तसंच. लुईस बेटावर रविवार पाळणारी माणसं बरीच आहेत, तिथली खरेदी शनिवारी उरकावी. आदल्या संध्याकाळीच पैसे भरून पावती घ्या. पहाटेच्या भरतीला निघणार असाल आणि कार्यालय बंद असेल, तर निघाल्यावर रेडिओवर किंवा फोनवर निरोप ठेवा, म्हणजे तुमची जागा दुपारी येणाऱ्या पुढच्या बोटीला देता येते.